शिलोहाचा बुरूज आणि किल्लारीचीं माळवदें

१९९४ सालच्या जून महिन्यांत आपल्या शाळेच्या बोर्डिंगांत एक मुलगा आठव्या इयत्तेंत दाखल झाला. तो लातूर जिल्ह्यांतील औसा तालुक्याचा. आदल्या वर्षीं, ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपांत त्याचे आईबाप व धाकटी बहीण हीं तिघेंहि राहत्या घराच्या भिंतींखालीं सांपडून मृत्यु पावलीं होतीं. गणपतीच्या विसर्जनाची ती रात्र. मिरवणुकींतून परतलेले लोक नुकतेच गाढ झोंपीं गेले होते. हा मुलगा सोलापुरास मामाकडे असल्यामुळें वांचला. अभ्यासांत तो बरा होता, खेळांत मागें असे, आणि रात्रीं छपराखालीं न झोंपतां बाहेरच्या ओट्यावर झोंपण्याची परवानगी त्यानें पहिल्याच दिवशीं मागून घेतली होती.

दोनतीन महिन्यांनीं एके सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं एक पाहुणे उपदेशक आले. बोलण्याच्या ओघांत ते भूकंपाकडे वळले आणि म्हणाले कीं, असे प्रसंग विनाकारण येत नसतात. ज्या भूमीवर पाप सांचतें त्या भूमीला देव हालवितो. त्यांच्या मनांत दुष्टावा नव्हता. आपल्यापुढें कोण बसलें आहे याची त्यांना कल्पना नव्हती, एवढेंच. मला ती होती. मी विज्ञानाचा शिक्षक, शिवाय मंडळीचा सभासद; दोन्ही नात्यांनीं मला त्या वेळीं उभें राहतां आलें असतें. मी उभा राहिलों नाहीं.

मधल्या सुट्टींत तो मुलगा प्रयोगशाळेंत आला. त्यानें विचारलें, "सर, माझी बहीण चार वर्षांची होती. तिचें पाप कोणतें?" मीं घाईघाईनें खडू उचलला आणि फळ्यावर पृथ्वीच्या कवचाची आकृति काढूं लागलों. भूपट्ट, त्यांच्या कडा, खडकांत सांचणारा ताण, अशा क्रमानें मी बोलत राहिलों. त्यानें सर्व ऐकून घेतलें. मग तो म्हणाला, "सर, हें आम्हांला भूगोलांत झालें आहे," आणि नमस्कार करून निघून गेला. आकृति फळ्यावर अर्धीच राहिली.

विद्यार्थिमित्रहो, येत्या वर्षीं मी सेवानिवृत्त होत आहें. तीस वर्षांहून अधिक काळ या शाळेंत पदार्थविज्ञान व भूगोल शिकवितांना जे प्रश्न मुलांनीं विचारले त्यांपैकीं बहुतेकांचीं उत्तरें मीं दिलीं, कांहींचीं पुस्तकें पाहून दुसऱ्या दिवशीं दिलीं. या एका प्रश्नाचें उत्तर राहून गेलें आहे. तें आज लिहितों. आपल्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें आहेत, आणि हा प्रश्न कोणा एका धर्माच्या मुलालाच पडतो असें नाहीं. परंतु उत्तर देतांना मी ज्या श्रद्धेंत वाढलों तिच्याच शब्दांत मला बोलतां येईल, याबद्दल पालकांनीं राग मानूं नये.

या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. तो जेथें सर्वांत मोठ्यानें विचारला गेला तें शहर म्हणजे पोर्तुगालची राजधानी लिस्बन. गोव्याचा कारभार त्या काळीं ज्या शहराच्या हुकुमानें चाले तेंच हें. १७५५ सालच्या नोव्हेंबरची पहिली तारीख होती; सर्व संतांचा सण. सकाळीं साडेनऊच्या पुढें शहरांतील प्रार्थनामंदिरें भक्तांनीं भरून गेलीं होतीं आणि वेदीवेदीवर मेणबत्त्या जळत होत्या. अशा वेळीं जमीन हालूं लागली, आणि ती थोडी थांबून पुन्हां हालत कित्येक मिनिटें हालत राहिली. दगडी छतें खालीं आलीं. जे बाहेर पळाले ते पडत्या इमारतींपासून दूर म्हणून टेगस नदीच्या कांठावरील मोकळ्या जागीं जमले. तेथें सुमारें चाळीस मिनिटांनीं समुद्राचें पाणी उलटून नदींत शिरलें आणि त्यांना घेऊन गेलें. उलथलेल्या मेणबत्त्यांनीं व चुलींनीं आग लागली होतीच, ती पांचसहा दिवस धुमसत होती. सर्व संतांच्याच नांवानें बांधलेलें मोठें इस्पितळ रोग्यांसह जळालें. नदीकांठचा राजवाडा, त्यांतील ग्रंथसंग्रह, त्याच वर्षीं उघडलेलें नवें नाट्यगृह, सर्व गेलें. मृतांचे आंकडे निरनिराळे सांगतात. तीस हजारांहून कमी नसावेत असें पुष्कळांचें मत आहे.

आतां पाहा, हा आघात कोणावर झाला? बाजारांत लबाडी करणाऱ्यांवर, कीं जुगाराच्या अड्ड्यावर बसलेल्यांवर? देवाच्या घरांत गुडघे टेकलेल्या लोकांवर तो प्रथम कोसळला. पाखंड्यांस शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायसभेचा वाडाहि त्यांतच पडला, तेव्हां देवानें नेमकी कोणाची बाजू घेतली हें कोणालाहि सांगतां येईना.

तरीहि सांगणारे निघालेच. गाब्रिएल मालाग्रिदा नांवाचा एक वृद्ध जेझुइट धर्मोपदेशक होता. जन्मानें इटालियन, ब्राझीलमध्यें अनेक वर्षें मिशनकार्य करून आलेला. त्यानें १७५६ सालीं एक पुस्तिका काढून असें प्रतिपादन केलें कीं, या भूकंपाचें खरें कारण लिस्बनचीं पापें हेंच होय, आणि त्याचीं कारणें निसर्गांत शोधणारे लोक जनतेला पश्चात्तापापासून दूर नेत आहेत. हा विचार केवळ एका पंथाचा होता असें मात्र समजूं नका. इंग्लंडांत मेथडिस्ट चळवळीचे आद्य पुढारी जॉन वेस्ली, ज्यांच्या परिश्रमानें हजारों गरिबांचें जीवन सुधारलें, त्यांनींहि त्याच सुमारास पत्रक लिहून भूकंप हा देवाच्या न्यायाचाच प्रकार मानिला. थोर मनुष्यहि दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावतांना चुकतो.

मालाग्रिदाचा शेवट वाईट झाला. राजाचा मंत्री काव्हाल्यु, ज्याला पुढें पोंबालचा मार्किस ही पदवी मिळाली, यानें त्याला प्रथम शहराबाहेर काढलें, आणि पुढें पाखंडाचा आरोप येऊन १७६१ सालीं त्या वृद्धाचा गळा आवळून देह जाळण्यांत आला. मंत्र्याची बाजू शास्त्राची होती आणि उपदेशकाची अज्ञानाची, असें सोपें चित्र कांहीं पुस्तकांतून काढलेलें असतें. परंतु एका चुकीच्या मताबद्दल सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला मारणें हें कोणत्याहि शास्त्रांत बसत नाहीं.

याच मंत्र्यानें दुसरी एक गोष्ट मात्र अशी केली कीं तिचें ऋण जग अद्यापि मानतें. १७५६ सालीं त्यानें पोर्तुगालमधील प्रत्येक परगण्याच्या धर्मगुरूंकडे एक प्रश्नपत्रिका धाडली. धक्का किती वेळ टिकला, नंतर किती धक्के बसले, समुद्र प्रथम आंत आला कीं मागें हटला, माणसें किती मेलीं, घरें किती पडलीं, आग कोठें लागली, असे ते प्रश्न होते. आणि खेड्यापाड्यांतील त्या पाळकांनीं उत्तरें लिहून पाठविलीं. तीं उत्तरें लिस्बनच्या सरकारी दफ्तरखान्यांत आजहि आहेत, आणि भूकंपशास्त्रज्ञ तीं वाचतात. ज्या धर्मगुरूनें कांहीं महिन्यांपूर्वींच आपल्याच मंडळीच्या प्रेतांवर माती लोटली असेल त्यानें दिवा लावून बसावें आणि विहिरींचें पाणी किती चढलें किती उतरलें हें नीट आठवून लिहावें, हें चित्र माझ्या डोळ्यांसमोर नेहमीं येतें. त्या लिहिण्यांत मला श्रद्धेचा अभाव दिसत नाहीं.

लिस्बनच्या वार्तेवरून इंग्लंडांतील एक दुसरा पाळक विचार करूं लागला. त्याचें नांव रेव्हरंड जॉन मिचेल. तो केंब्रिज येथें अध्यापक होता. १७६० सालीं त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें एक निबंध ठेविला. निरनिराळ्या गांवीं धक्का किती वाजतां जाणवला याचे वृत्तांत त्यानें जमविले व त्यावरून असें दाखविलें कीं, भूकंप हा जमिनींतून जाणाऱ्या लाटांचा प्रकार आहे. त्या एका ठिकाणाहून निघतात व दूरवर पसरतात, आणि वेळांचा फरक मोजला असतां त्या कोठून निघाल्या हें काढतां येतें. लिस्बनच्या लाटांचा वेग मिनिटाला वीस मैलांहून अधिक आणि त्यांचा उगम अटलांटिक समुद्राखालीं, असा त्याचा निष्कर्ष होता. वेग त्यानें फारच कमी धरला; खडकांतून जाणारी पहिली लाट सेकंदाला पांच ते आठ किलोमीटर जाते हें आज आपणांस ठाऊक आहे. कारणाबाबतहि तो चुकला. जमिनीखालच्या अग्नीवर पाणी पडून वाफ होते व ती जमीन उचलते असें त्यास वाटे. परंतु लाटेची कल्पना बरोबर ठरली आणि समुद्राखालील उगमहि खरा निघाला. आफ्रिका व युरोप-आशिया यांचे भूपट्ट जेथें एकमेकांस भिडतात, त्या समुद्रतळाच्या भागांतच तो भूकंप झाला असें आजचे शास्त्रज्ञ मानतात.

हा मिचेल पुढें यॉर्कशायरमधील थॉर्नहिल या गांवीं पाळक होऊन राहिला आणि १७९३ सालीं मरेपर्यंत तेथेंच होता. ज्या ताऱ्याचें आकर्षण इतकें प्रचंड असेल कीं त्यांतून प्रकाशहि सुटणार नाहीं असा तारा असूं शकेल, ही कल्पना त्यानें १७८३ सालीं मांडिली. आणि त्यानेंच योजिलेल्या उपकरणानें पुढें कॅव्हेंडिश यानें १७९८ सालीं पृथ्वीची घनता काढिली. रविवारीं उपदेश आणि इतर दिवशीं दुर्बीण, असें त्याचें आयुष्य गेलें. धर्म व विज्ञान यांचें हाडवैर आहे असें ज्या विद्यार्थ्यांनीं कोठें तरी ऐकलें असेल, त्यांनीं या पाळकाचें चरित्र मिळवून पाहावें.

लिस्बनमुळें तत्त्वज्ञांमध्यें जो वाद माजला त्याविषयीं थोडक्यांत सांगतों. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यानें १७१० सालींच असा सिद्धान्त मांडिला होता कीं, संभवनीय अशा सर्व जगांमध्यें देवानें हें उत्तम जग निवडलें आहे. फ्रेंच लेखक व्होल्तेर यानें १७५६ सालीं लिस्बनवर कविता आणि १७५९ सालीं "कांदीद" ही कादंबरी लिहून त्या सिद्धान्ताची थट्टा उडविली. ती थट्टा मला योग्य वाटते. मेलेल्या मुलाच्या आईला, समष्टीच्या दृष्टीनें सर्व ठीक आहे, असें सांगणें म्हणजे मालाग्रिदाच्या उपदेशाचीच सभ्य आवृत्ति होय. एक म्हणतो हें तुझ्या पापामुळें झालें. दुसरा म्हणतो हें वस्तुतः वाईटच नाहीं. रूसो यानें व्होल्तेरला एक लांब पत्र लिहून निराळा मुद्दा काढिला. सहासात मजल्यांचीं वीस हजार घरें एका जागीं दाटीनें निसर्गानें बांधिलीं नव्हतीं, असें त्याचें म्हणणें. हा मुद्दा ध्यानांत ठेवा. किल्लारीकडे जातांना तो लागेल.

त्याआधीं आपल्याच देशांतील एक प्रसंग. ता. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहार व नेपाळ या प्रदेशांत प्रचंड भूकंप होऊन दहा हजारांवर माणसें मेलीं. महात्मा गांधी त्या वेळीं अस्पृश्यतेविरुद्ध देशभर दौरा करीत होते. त्यांनीं जाहीरपणें सांगितलें कीं, हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवानें केलेलें शासन आहे. रवींद्रनाथ ठाकुरांना तें सहन झालें नाहीं. गांधींवर त्यांचें अपार प्रेम होतें, तरीहि भौतिक उत्पाताचीं कारणें भौतिक सृष्टींतच शोधलीं पाहिजेत असा त्यांनीं उघड निषेध केला. आणि गांधींचा मोठेपणा असा कीं, तो निषेध त्यांनीं आपल्याच "हरिजन" पत्रांत उत्तरासह छापिला. अस्पृश्यता हें पाप होतें यांत मला तिळमात्र शंका नाहीं. पण तें पाप करणारे आणि तें पिढ्यान्‌पिढ्या सोसणारे, दोघेहि बिहारांत एकाच ढिगाऱ्याखालीं गाडले गेले. ज्या न्यायांत फिर्यादी व आरोपी यांना एकच शिक्षा होते, तो न्याय देवाच्या नांवावर खपवूं नये.

आतां किल्लारी. दख्खनचें पठार हें सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचे थर बसून झालेलें आहे. तें भूपट्टाच्या कडेपासून दूर असल्यामुळें येथें मोठा भूकंप होणार नाहीं असें पुष्कळांस वाटे, जरी १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानें एकदां इशारा दिलेला होता. वस्तुस्थिति अशी कीं, भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारें पांच सेंटिमीटर, म्हणजे आपलें नख जवळजवळ जितकें वाढतें तितका, उत्तरेकडे सरकत आशियाला रेटीत आहे. या रेट्याचा ताण हिमालयाशींच संपत नाहीं. भूपट्टाच्या पोटांत जेथें जुनी कमकुवत भेग असेल तेथेंहि तो हळूहळू सांचत जातो. किल्लारीच्या आसपास १९९२ च्या ऑक्टोबरपासून लहान धक्के बसत होते. ते मोठ्या धक्क्याची नांदी आहेत हें त्या वेळीं कोणालाहि निश्चित सांगतां आलें नसतें. भूकंपाचा दिवस आगाऊ सांगण्याची विद्या आजहि मनुष्याला साधलेली नाहीं. पुढल्या वर्षीं ती भेग जमिनीपासून फार खोल नसलेल्या जागीं सुटली आणि लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत जवळजवळ दहा हजार माणसें मेलीं.

त्या भूकंपाची प्रत ६.२ च्या आसपास होती. वर्तमानपत्रांत त्या वेळीं आंकड्यांचा फार बोलबाला झाला, म्हणून सांगतों: सहा किंवा त्याहून अधिक प्रतीचे भूकंप जगांत दरवर्षीं शंभराहून जास्त होतात, आणि त्यांतील बहुतेकांत मनुष्यहानि अगदीं थोडी किंवा मुळींच होत नाहीं. लिस्बनच्या भूकंपाची प्रत साडेआठच्या घरांत धरतात; म्हणजे त्यांतून सुटलेली शक्ति किल्लारीच्या दोन हजार पटींहून अधिक. मग किल्लारीस एवढीं माणसें कां मेलीं? ज्यांनीं मराठवाड्यांतील जुनीं घरें पाहिलीं आहेत त्यांना उत्तर सांगावें लागणार नाहीं. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आंत व बाहेर ओबडधोबड दगड, मध्यें मातीचा भराव, सांधायला चिखल. वर लाकडी तुळया व फळ्या, आणि त्यांवर फूट-दीड फूट मातीचें माळवद. उन्हाळ्यांत तें घर गार राहतें आणि सवडीनें, घरच्याच मजुरीनें बांधतां येतें. परंतु तशी भिंत आडवी हालली कीं तिचे आंतले व बाहेरचे दगड एकमेकांस सोडून देतात आणि माळवदाची मणोगणती माती झोंपलेल्या माणसावर येते. गरिबाचीं कुडाचीं हलकीं झोंपडीं पडलीं तरी त्यांनीं माणसें फारशीं मारलीं नाहींत. वडिलोपार्जित भक्कम वाडा, ज्याचा घराण्याला अभिमान, त्यानेंच घराणें संपविलें.

येथें विज्ञानाचें उत्तर पुरें होतें, आणि तें लहान उत्तर नव्हे. पोंबालच्या कारागिरांनीं लिस्बनचीं नवीं घरें बांधतांना भिंतींच्या पोटांत लांकडाचा पिंजरा घातला, कीं हालतांना भिंत लवावी पण कोसळूं नये. किल्लारीनंतर मराठवाड्याच्या गवंड्यांनाहि शिकविण्यांत आलें कीं, भिंतीच्या आंतल्या-बाहेरच्या अंगांना जोडणारे लांब दगड मधून मधून घालावे, दरवाजा-खिडक्यांच्या डोक्यावरून सबंध घराभोंवतीं सिमेंट-सळईचा आडवा पट्टा फिरवावा, माळवदाचें ओझें कमी करावें. भूकंप पापाचें शासन आहे असें ज्याला खरोखर वाटतें त्याला हा पट्टा घालण्याचें कारणच उरत नाहीं. देवाच्या शिक्षेला सळई काय अडविणार? खरा अनर्थ येथें आहे. दुःखाचा खोटा अर्थ लावला कीं दुःख टाळण्याचा खरा मार्ग बंद होतो.

आतां ख्रिस्ती मनुष्यानें आपलें शास्त्र उघडून पाहावें. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत असा उल्लेख आहे कीं, शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसें मेलीं. त्या काळच्या लोकांनाहि वाटलें होतें कीं तीं माणसें विशेष पापी असावींत. प्रभु येशूनें याला स्पष्ट नकार दिला. मेलेले हे यरुशलेमांतील इतरांहून अधिक अपराधी नव्हते, असें सांगून त्यानें पश्चात्तापाचा विषय मेलेल्यांवरून काढून ऐकणाऱ्यांकडे वळविला. योहानाच्या नवव्या अध्यायांत जन्मांधाविषयीं शिष्यांनीं, पाप याचें कीं याच्या आईबापांचें, असें विचारलें तेव्हांहि त्यानें दोन्ही पर्याय नाकारले, आणि मग त्या आंधळ्याच्या डोळ्यांना हात लावला. शास्त्रांत हीं वचनें इतकीं उघड असतां आम्ही ख्रिस्ती लोक पुनः पुनः मालाग्रिदाच्याच वाटेनें कां जातों, याचें मला नवल वाटतें. कदाचित् शेजाऱ्याच्या दुःखाला कारण सांपडलें कीं तें आपल्या घरीं येणार नाहीं असा धीर येत असेल.

ईयोबाच्या पुस्तकाकडेहि मी पुष्कळदां वळतों. त्याच्या पोरांवर जें संकट आलें तें काय होतें? रानाकडून मोठें वादळ आलें आणि घर पडून तीं त्याखालीं मेलीं. म्हणजे हा प्रश्न त्या पुस्तकांतहि पडलेल्या घरापासूनच उठतो. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्यानें जमिनीवर बसले. तेवढें त्यांनीं फार चांगलें केलें. पुढें ते बोलूं लागले, आणि त्यांचें सर्व बोलणें एकच होतें, कीं तूं कांहीं तरी पाप केलें असलें पाहिजेस. शेवटीं देवाचा कोप झाला तो या मित्रांवर. तक्रार करणाऱ्या, भांडणाऱ्या, देवालाच जाब विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे.

इतकें मान्य केलें तरी तो मुलगा आणखी एक पाऊल पुढें येऊन विचारील, आणि त्याला तो अधिकार आहे: शासन नसेल तर नसो, पण ज्या देवानें पृथ्वी केली त्यानें ती हालणारी कां केली? या प्रश्नावर आमच्या काळांत ज्यांनीं मन लावून विचार केला त्यांपैकीं एक जॉन पॉल्किंगहॉर्न. हे केंब्रिज येथें गणिती पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. १९७९ सालीं तें पद सोडून ते धर्मशिक्षण घेऊं लागले आणि १९८२ सालीं त्यांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. २०२१ सालीं ते वारले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, देवानें सृष्टीला कळसूत्री बाहुली केलें नाहीं; तिला आपल्या स्वभावानें वागण्याची मोकळीक दिली. खडक खडकाप्रमाणें वागतो, जिवंत पेशी पेशीप्रमाणें वागते. ज्या फेरबदलांमुळें जीवसृष्टि उत्क्रांत झाली त्याच फेरबदलांमुळें एखाद्याच्या शरीरांत कर्करोगहि उद्भवतो. भूगोलाचा शिक्षक म्हणून मी यांत भर घालीन कीं, भूपट्ट सरकले नसते तर हिमालय झाला नसता, आणि गंगा-यमुनेच्या गाळाचीं मैदानें झालीं नसतीं. हवेंतील कर्ब खडकांत जाणें आणि ज्वालामुखींतून पुन्हां हवेंत येणें, ही जी लक्षावधि वर्षांची येरझार पृथ्वीची ऊब सांभाळते, तीहि याच हालचालीवर चालते. पूर्णपणें स्थिर पृथ्वी ही कदाचित् निर्जीव पृथ्वी असती.

हा विचार मला बुद्धीनें पटतो. परंतु मी तो त्या दिवशीं त्या मुलाला सांगितला असता तर लायब्निझच्या शिष्यांत माझी गणना झाली असती. हिमालयासाठीं माझी बहीण कां, असें त्यानें विचारलें असतें, आणि या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाहीं. पॉल्किंगहॉर्न यांनींहि तें आपल्याजवळ आहे असा दावा केला नाहीं. विज्ञान घर कसें पडलें हें सांगतें. हा विचार पडण्याची शक्यता जगांत कां आहे हें थोडेंफार सांगतो. तीच चार वर्षांची मुलगी कां, हें दोन्ही सांगत नाहींत.

मग माझी श्रद्धा टिकते ती कशावर? कोणी विचारलें नाहीं तरी सांगतों, कारण तें टाळून हा लेख लिहिणें म्हणजे पुन्हां फळ्यामागें लपणें होईल. बेथानी गांवांत लाजर मेला तेव्हां प्रभु चार दिवसांनीं पोहोंचला. आपण त्याला उठविणार आहों हें त्याला ठाऊक होतें. शुभवर्तमानकार तसें लिहितो. तरीहि मरियेला व तिच्याबरोबरच्या लोकांना रडतांना पाहून तो रडला. त्यानें मरणाचा खुलासा केला नाहीं. पुढें कांहीं दिवसांनीं तो स्वतः वधस्तंभावर गेला आणि तेथें, देवानें मला कां सोडलें, हाच प्रश्न त्याच्या तोंडून बाहेर पडला. माझा देव हा असा आहे. किल्लारीच्या पहाटे तो कोठें होता असें मला कोणी विचारलें तर मी म्हणेन कीं, वरून जमीन हालवीत नव्हता. भिंतीखालीं होता, आणि उजाडल्यावर नुसत्या हातांनीं दगड उपसणाऱ्या माणसांत होता. हें मी सिद्ध करूं शकत नाहीं. प्रयोगशाळेंत जें सिद्ध होतें तें मी तुम्हांस वर्षभर शिकवितोंच; हें त्या जातीचें नव्हे, आणि त्या जातीचें आहे असा आव आणला तर मी दोन्हीकडे अप्रामाणिक ठरेन.

गेल्या जून महिन्यांत तोच मुलगा, आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ, आपल्या लेकाला पांचवींत घालण्यासाठीं शाळेंत आला होता. तो एस. टी. मध्यें वाहक आहे. कचेरींतील काम आटोपल्यावर आम्ही प्रयोगशाळेंत जाऊन बसलों. तो हंसून म्हणाला, "सर, त्या दिवशीं आकृति अर्धी राहिली होती." मीं त्याला सांगितलें कीं, आकृति राहिली याचें मला वाईट वाटत नाहीं, त्या सकाळीं प्रार्थनेंत मी उभा राहिलों नाहीं याचें वाटतें. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानें विचारलें, "त्या पाहुण्यांना नंतर कोणी कांहीं बोललें होतें का?"

मीं खरें तेंच सांगितलें, कीं नाहीं. आम्ही त्यांना चहा दिला आणि स्टेशनावर पोंचविलें.